वाचक विचारतात : टीव्हीचं रेकॉर्डिंग डिस्कवर बसवताना

या अंकातली सगळी पत्रं एकाच विषयाची आहेत. टीव्हीवरून उतरवलेलं नाटक, मालिका किंवा गाण्याचा कार्यक्रम डीव्हीडीवर किंवा व्हीसीडीवर (सीडीवरचा व्हिडिओ) बसवायचा असतो, फाइल मोठी असते आणि डिस्क लहान. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत आणि नावांऐवजी फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारा यूएसबी कॅप्चर डोंगलला जोडून तीन अंकी नाटक रेकॉर्ड केलं. लांबी २ तास ४० मिनिटं, चित्र ७२० बाय ५७६, एमपेग-२, सेकंदाला ८ मेगाबिट. फाइल ९.२ जीबी झाली. फाइल लहान करणाऱ्या ‘डीव्हीडी श्रिंक’ सॉफ्टवेअरने ती एका डिस्कवर बसवली, पण अंधारातल्या प्रवेशांत काळ्या पडद्यावर चौकोन नाचतात. काय चुकलं?
— वाचक, नाशिक

उत्तर : श्रिंक वाईट नाही, पण त्याला झेपणार नाही एवढं काम तुम्ही त्याच्यावर टाकलंत. ते चित्र पूर्ण उलगडून नव्याने एन्कोड करत नाही, म्हणजे पहिल्यापासून दाबत नाही. आधीच दाबलेल्या चित्रातले बारीक तपशील गाळत जातं. मूळ फाइल १५-२० टक्क्यांनी कमी करायची असेल तर फरक फारसा कळत नाही. तुम्ही ती निम्म्याहून खाली आणलीत. अशा वेळी नव्याने, दोन फेऱ्यांत एन्कोड करण्याला पर्याय नाही.

सुरुवात हिशोबापासून करा. डिस्कवर लिहिलेले ४.७ जीबी दशमान पद्धतीचे असतात, संगणकाला तेच ४.३८ दिसतात. मेनू, चित्र-आवाज एकत्र गुंफण्याचा खर्च आणि कडेची थोडी मोकळी जागा सोडली तर हाताशी ४.५ अब्ज बाइट उरतात. त्याचे बिट केले की एक सोपं सूत्र मिळतं : सहा लाख भागिले मिनिटं. उत्तर येतं ते चित्र आणि आवाज मिळून सेकंदाचे किलोबिट. तुमची मिनिटं १६०, म्हणजे ३,७५०. त्यातून एसी-३ (डीव्हीडीवर आवाज दाबण्याची पद्धत) स्टिरिओ आवाजाचे १९२ वजा करा. चित्राला साधारण ३,५५० उरतात. एन्कोडरला सरासरी ३,५०० सांगा.

आता खरा प्रश्न असा, की ३,५०० किलोबिटांत ७२० बाय ५७६ चं चित्र नीट राहील का? स्वच्छ डिजिटल स्रोत असता तर राहिलं असतं. पण तुमचं चित्र पिवळ्या तारेतून, म्हणजे कॉम्पोझिटमधून आलेलं आहे. त्यात रंगाच्या कडांना सरपटणारे ठिपके आणि अंधारात दाणेदार गोंगाट असतो. डोळ्याला तो फारसा जाणवत नाही, एन्कोडरला मात्र दर फ्रेमला नवं चित्र आल्यासारखं वाटतं. गोंगाटावर बिट उधळले जातात आणि नटाच्या चेहऱ्याला उरत नाहीत. काळ्या पडद्यावर दिसणारे चौकोन इथूनच आले.

अशा वेळी चित्राची रुंदी निम्मी करा. डीव्हीडीच्या मानकात ३५२ बाय ५७६ हा आकार अधिकृत आहे. त्याला हाफ-डी-१ म्हणतात आणि सगळे प्लेअर तो चालवतात. ७२० रुंदीला दर पिक्सेलमागे ०.३४ बिट मिळत होते, ३५२ ला तेच ०.७ होतात. थोडी आडवी बारकाई जाते हे खरं. पण कॉम्पोझिटमधून ती पुरती आलेलीच नसते, आणि व्हीएचएस टेपवरून उतरवलं असेल तर टेपलाच आडव्या २४० च्या आसपास रेषा असतात. तिथे हाफ-डी-१ मध्ये गमावण्यासारखं काही नाही. आमचा ठोकताळा असा : टेप किंवा ॲनालॉग केबलचं रेकॉर्डिंग असेल आणि सरासरी ३,५०० च्या आसपास किंवा खाली येत असेल, तर सरळ ३५२. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर आणि पुणे, नाशिक, नागपूरकडे मार्च २०१३ अखेर केबल डिजिटल करायचं ठरलं होतं. त्याआधीची बहुतेक घरगुती रेकॉर्डिंग या गटात बसतात.

कृती अशी करा. एव्हीसिंथ किंवा व्हर्च्युअलडब या व्हिडिओ-सॉफ्टवेअरमध्ये डावी-उजवीकडून ८-८ पिक्सेल कापा. ७०४ राहतात, ते निम्मे केले की नेमके ३५२. ही ८-८ ची कापणी चुकवून ७२० थेट ३५२ केलं तर माणसं किंचित अरुंद दिसतात. उभ्या ५७६ ओळींना हात लावू नका; का ते पुढे इचलकरंजीच्या पत्रात येईल. काळानुसार, म्हणजे मागच्या-पुढच्या फ्रेम पाहून, काम करणारा हलका डीनॉइज (गोंगाट घटवणारा) फिल्टर लावा. जोर वाढवला तर चेहरे मेणाचे होतात, म्हणून आधी सर्वांत अंधाऱ्या प्रवेशाची दोन मिनिटं काढून त्यावर प्रयोग करा. एचसी-एन्कोडर या एमपेग-२ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन फेऱ्या, सरासरी ३,५००, कमाल ८,०००. मानक ९,८०० पर्यंत जाऊ देतं, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर तेवढा झोत आला की जुने प्लेअर अडखळतात.

पुढच्या वेळी असं लांब नाटक असेल आणि डोंगल स्वतःच एमपेग-२ करणारं असेल, तर त्यालाच ३५२ बाय ५७६ आणि ३,५०० किलोबिट सांगा. एकदा दाबलेलं चित्र दुसऱ्यांदा दाबावं लागणार नाही. बॉक्सला एस-व्हिडिओचं बारीक गोल सॉकेट असेल तर पिवळी तार सोडून तेच वापरा. सरपटणारे ठिपके जवळजवळ जातात.

प्रश्न : डीडी फ्री डिशच्या बॉक्समधून पेनड्राइव्हवर सह्याद्री वाहिनीचा तासाभराचा कार्यक्रम घेतला. फाइल १.३ जीबीची होती. कन्व्हर्टरमध्ये ‘डीव्हीडी क्वालिटी’ निवडलं तर ती ३.६ जीबी झाली आणि चित्र आधीपेक्षा वाईट. असं उलटं कसं?
— वाचक, परभणी

उत्तर : कन्व्हर्टरने डोळे मिटून सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट, लावले. तासाचे ३,६०० सेकंद गुणिले एक मेगाबाइट म्हणजे ३.६ जीबी. बिट वाढवल्याने मुळात नसलेला तपशील येत नाही, पण पुन्हा दाबल्याने असलेला मात्र जातो.

तुमची फाइल आधीच सेकंदाला २.९ मेगाबिटांच्या आसपास आहे आणि बहुधा एमपेग-२ च आहे. तिचं एन्कोडिंग करूच नका. प्रोजेक्ट-एक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पेनड्राइव्हवरची ती (टीएस) फाइल उघडा, जाहिराती कापा आणि चित्र व आवाज वेगळे करून घ्या. पावसात सिग्नल तुटला असेल तिथली भोकंही ते बुजवतं आणि आवाज जुळवून देतं. मग डिस्कची रचना करणाऱ्या डीव्हीडीस्टायलर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली घाला, व्हिडिओच्या गुणधर्मांत ‘कॉपी’ निवडा आणि डिस्क बनवा. या हिशोबाने एका डीव्हीडीवर सव्वातीन तास बसतात आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही.

तीन गोष्टी आधी तपासा. चित्राची रुंदी ७२०, ७०४ किंवा ३५२ हवी. काही वाहिन्या ५४४ किंवा ४८० वर प्रक्षेपण करतात, ते डीव्हीडीला चालत नाही. दुसरं, फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-४ च्या आहेत. त्या पुन्हा एन्कोड कराव्याच लागतात. तिसरं, मधेच जाहिरातींमुळे ४:३ चं १६:९ झालं असेल तर फाइल त्या ठिकाणी तोडा, नाहीतर ऑथरिंग (फाइलींपासून डिस्क रचणं) तिथेच थांबतं. आवाज ४८ किलोहर्ट्झचा एमपी-२ असेल तर तोही तसाच राहू द्या. पाल (आपल्याकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडीत तो मान्य आहे.

खासगी डीटीएच बॉक्सवरच्या रेकॉर्डिंगला हे लागू नाही. ती बॉक्सच्या चावीने कुलूपबंद असतात आणि पेनड्राइव्ह संगणकाला लावून उघडत नाहीत.

प्रश्न : गावी आईकडे जुना व्हीसीडी प्लेअर आणि काचेच्या नळीचा टीव्ही आहे. २००५ साली संगणकातल्या टीव्ही ट्यूनर कार्डाने घेतलेल्या मालिका (एव्हीआय, ७२० बाय ५७६) व्हीसीडीवर हव्यात. मी आकार ३५२ बाय २८८ केला, पण हात हलला की दोन हात दिसतात. काही डिस्क तर लागतच नाहीत. शिवाय ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीची फाइल कशी मावते तेही कळलं नाही.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेवटचं आधी घेऊ, कारण डिस्क न लागण्याचं कारणही त्यातच आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २,०४८ बाइट तुमचे असतात, बाकीची जागा चूक दुरुस्त करणाऱ्या माहितीला जाते. व्हीसीडीत चित्राचे सेक्टर वेगळ्या पद्धतीने लिहितात. एखादा बिट चुकला तर फार तर एक ठिपका दिसेल, म्हणून तो जादा बंदोबस्त काढून २,३२४ बाइट वापरतात. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर. गुणाकार केला की ८३ कोटी ६६ लाख बाइट, संगणकाच्या भाषेत ७९८ एमबी. म्हणून व्हीसीडीसाठी एमबी मोजू नका, मिनिटं मोजा. ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटंच बसतात, चित्र कसंही असो.

पण त्यासाठी डिस्क ‘व्हीसीडी’ म्हणूनच बर्न व्हायला हवी. एमपेग फाइल नुसती ओढून डेटा सीडीवर टाकली तर साधा प्लेअर तिला ओळखत नाही. नीरो, के३बी किंवा व्हीसीडीईझीमध्ये व्हिडिओ सीडीचा वेगळा प्रकल्प असतो, तो उघडा.

आता दोन हातांबद्दल. टीव्हीची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते. विषम ओळी आधी आणि सम ओळी १/५० सेकंदाने नंतर टिपलेल्या. तेवढ्या वेळात हात पुढे गेलेला असतो. तुम्ही ५७६ ओळी दाबून २८८ केल्यात, त्यामुळे दोन्ही क्षण एकमेकांत कालवले गेले. हे टाळायला फिल्टरांची गर्दी नको. एक फील्ड फेकून द्या. उरलेल्या फील्डमध्ये बरोबर २८८ ओळी असतात, उभं दाबायची गरजच नाही. आडवं मात्र आधी ८-८ पिक्सेल कापून ७०४, मग ३५२.

यानंतरचे आकडे जसेच्या तसे ठेवा, कारण व्हीसीडी प्लेअर सवलत देत नाही. एमपेग-१, सेकंदाला २५ फ्रेम, चित्राला स्थिर १,१५० किलोबिट, आवाज एमपी-२ मध्ये २२४ किलोबिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. बहुतेक कॅप्चर ४८ किलोहर्ट्झचे असतात. ते तसेच ठेवले तर काही प्लेअरवर आवाज चिरका येतो किंवा येतच नाही. चित्राचा बफर (प्लेअर आधी साठवून ठेवतो ती माहिती) ४० केबीच्या पुढे गेला तर प्लेअर थांबत थांबत चालतो. एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये टार्गेट म्हणून ‘पाल-व्हीसीडी’ दिलं की हे सगळे आकडे आपोआप बसतात. फील्ड काढणं आणि कडा कापणं मात्र तुम्हालाच सांगावं लागतं.

१,१५० किलोबिट फार तुटपुंजे असतात, पण काचेच्या टीव्हीची एक सोय आहे. तो चित्राच्या कडा स्वतःच झाकतो. मग त्या कडांवर बिट का खर्चायचे? मूळ चित्र ३२० बाय २५६ करा आणि चारही बाजूंना १६ पिक्सेलची शुद्ध काळी पट्टी द्या. एन्कोडर १६ बाय १६ च्या चौकटींत काम करतो. पूर्ण चित्रात अशा ३९६ चौकटी असतात, आता चित्राच्या ३२० च उरतात आणि काळ्या पट्टीला जवळजवळ काही लागत नाही. पट्टी १० किंवा १२ पिक्सेलची केलीत तर चौकटी अर्ध्या काळ्या, अर्ध्या चित्राच्या होतात आणि उलट जास्त बिट खातात. नव्या सपाट टीव्हीवर ही पट्टी उघडी दिसेल, म्हणून आईच्या टीव्हीसाठीच हे करा.

काही डिस्क लागतच नाहीत, त्यात दोष बर्नचा किंवा सीडीच्या जातीचा असू शकतो. पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचं परावर्तन साध्या सीडीच्या तिसऱ्या हिश्शाच्याही आत असतं आणि जुन्या प्लेअरच्या लेझरला तेवढं पुरत नाही. एकदाच लिहिता येणारी सीडी घ्या, लिहिण्याचा वेग १६-एक्सच्या वर नेऊ नका आणि शेवटी डिस्क बंद (फायनलाइज) करायला विसरू नका. जाहिराती काढल्यावर मालिकेचा भाग २२ मिनिटांचा उरतो. एका सीडीवर तीन भाग बसतात. चौथा कोंबायच्या नादी लागू नका.

प्रश्न : लावणीचा कार्यक्रम डीव्हीडीवर केला. संगणकावर उत्तम दिसतो. टीव्हीवर मात्र पाय हलले की चित्र थरथरतं, खालची बातम्यांची पट्टी तर वाचताच येत नाही. प्लेअर बदलून पाहिला.
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : फील्डचा क्रम उलटा झाला आहे. फ्रेममधला आधीचा क्षण वरच्या फील्डमध्ये (विषम ओळींत) असताना एन्कोडरला ‘खालचं आधी’ असं सांगितलं गेलं. टीव्ही फील्ड एकामागून एक दाखवतो, त्यामुळे पाऊल पुढे, मागे, पुन्हा पुढे जातं. संगणक बहुतेक वेळा दोन्ही फील्ड एकत्र मिसळून दाखवतो, म्हणून तिथे रोग लपतो. संगणकावर ठीक दिसलं याचा अर्थ डिस्क ठीक आहे असा कधीच धरू नका.

डीटीएच आणि बहुतेक कॅप्चर कार्डांचं पाल चित्र ‘वरचं आधी’ असतं. डीव्ही (कॅसेटवर डिजिटल चित्र टिपणाऱ्या) कॅमेऱ्याचं ‘खालचं आधी’. डीव्ही यंत्रातून टीव्ही उतरवला असेल तर गोंधळ हमखास इथेच होतो. खात्री करायची असेल तर एव्हीसिंथमध्ये फील्ड वेगळे करून एक-एक पुढे सरकवा. पाय सलग पुढे जात असेल तर मानलेला क्रम बरोबर. पुढे-मागे उड्या मारत असेल तर उलटा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे कापणी. वरून एक ओळ कापली, किंवा तीन कापल्या, की विषम ओळी सम होतात आणि क्रम आपसूक उलटतो. इंटरलेस, म्हणजे दोन फील्ड गुंफलेल्या, चित्रात उभं कापायचं तर चारच्या पटीत कापा, कारण रंगाची माहितीही ओळींच्या जोडीने साठवलेली असते. आणि उभा आकार बदलायचाच असेल तर आधी फील्ड वेगळे करा. नाशिकच्या वाचकांना ५७६ ओळींना हात लावू नका म्हटलं ते म्हणूनच. हाफ-डी-१ मध्ये फक्त रुंदी बदलते, फील्ड जसेच्या तसे राहतात आणि लावणीचा ठेका सेकंदाला ५० क्षणांनी दिसतो. डीइंटरलेस करून, म्हणजे दोन फील्डची एकच फ्रेम करून, २५ वर आणलं असतं तर तीच पावलं अडखळली असती.

तुमची डिस्क पुन्हा एन्कोड करायची कदाचित गरज नाही. चित्र बरोबर आहे आणि फक्त खूण चुकली आहे असं असेल तर रीस्ट्रीम नावाचं छोटं सॉफ्टवेअर एमपेग-२ फाइलमधली ती खूण बदलून देतं, मग नव्याने ऑथरिंग पुरतं. पण ओळ कापल्यानंतर इंटरलेस चित्र उभं ताणलं असेल तर मूळ फाइलकडे परत जावं लागेल.

प्रश्न : सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने आवाज दीड सेकंद मागे पडतो. सॉफ्टवेअरमधल्या ‘ऑडिओ डिले’ने सुरुवात बिघडते, शेवट सुधारतो.
— वाचक, सोलापूर

उत्तर : डिले सगळीकडे सारखा लागतो, तुमची चूक हळूहळू वाढणारी आहे. ट्यूनर कार्ड चित्राची वेळ एका घड्याळाने मोजतं, साउंड कार्ड आवाजाची दुसऱ्या. साउंड कार्डाने ४८,००० च्या जागी ४८,०२० नमुने घेतले, तरी तासाला दीड सेकंदाचा फरक पडतो. आवाजाची फाइल ३,६०१.५ सेकंदांची आणि चित्र ३,६०० सेकंदांचं असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज ३,६०० वर आणा आणि मग एन्कोड करा. इतक्या कमी फरकात सूर बदललेला कानाला कळत नाही.

पण त्याआधी एक पाहा. आवाज हळूहळू सरकतो की मधेच झटका देतो? १०, ३०, ५० व्या मिनिटाला फरक मोजा. ०.२५, ०.७५, १.२५ असा चढत असेल तर वरचा उपाय. तिसाव्या मिनिटापर्यंत शून्य आणि मग एकदम दीड सेकंद असेल, तर तिथे फ्रेम गळल्या आहेत. दीड सेकंद म्हणजे ३७-३८ फ्रेम. डिस्क भरली होती, अँटीव्हायरस जागा झाला होता किंवा रिमोटने वाहिनी बदलली होती. मग फाइल तिथेच तोडून पुढच्या तुकड्याचा आवाज वेगळा सरकवावा लागतो. व्हर्च्युअलडबने कॅप्चर करताना गळलेल्या फ्रेमचा आकडा कोपऱ्यात दिसतो. तो वाढू लागला की रेकॉर्डिंग थांबवण्यातच शहाणपण.

प्रश्न : एसव्हीसीडी करावी का? संगणकावर चित्र उभट, लांबुळकं दिसतं.
— वाचक, अकोला

उत्तर : लांबुळकं दिसणं हा दोष नाही. एसव्हीसीडी म्हणजे सीडीवरच एमपेग-२ चित्र ठेवणारी सुधारित व्हीसीडी. तिचं चित्र ४८० बाय ५७६ असतं आणि प्लेअर ते ताणून ४:३ करतो. व्हीसीडीपेक्षा चित्र बरंच चांगलं, इंटरलेसही चालतं. पण एका सीडीवर पूर्ण बिटरेटला ४० मिनिटंच बसतात. इथलं सूत्र १ लाख ८ हजार भागिले मिनिटं. तासाभराला १,८०० येतात, आवाजाचे १६० काढले की १,६४०. आज कोऱ्या डीव्हीडीवर हाफ-डी-१ मध्ये याच्या तिप्पट-चौपट ऐवज मावत असताना एसव्हीसीडीचा खटाटोप फक्त एकाच कारणासाठी करावा : प्लेअर डीव्हीडी वाचत नाही.

करणारच असाल तर ४८० ऐवजी ३५२ बाय ५७६ आणि आवाज ४८ किलोहर्ट्झ ठेवून पाहा. हे मानकात बसत नाही, पण पुष्कळ प्लेअर चालवतात, आणि उद्या तीच फाइल पुन्हा एन्कोड न करता डीव्हीडीवर नेता येते. ४८० वाली नेता येत नाही. आधी एक डिस्क प्लेअरवर लावून बघा, मग बाकीच्या करा.

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या क्लबात टीव्हीवरून उतरवलेल्या तियात्रांच्या (गोव्यातल्या कोकणी नाट्यप्रयोगांच्या) आणि नाटकांच्या डिस्क सभासदांना खर्चापुरते पैसे घेऊन द्यायच्या आहेत. चालेल का?
— वाचक, फोंडा

उत्तर : नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३९ मध्ये प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी मुभा आहे. प्रती वाटणं त्यात येत नाही, आणि पैसे ‘खर्चापुरते’ घेतले म्हणून ते खासगी होत नाही. नाट्यसंस्थेकडून लेखी परवानगी आणा आणि वाहिनीलाही विचारा, कारण प्रक्षेपणावर वाहिनीचा हक्क वेगळा असतो.

प्रश्न : पुण्याहून भावाने जुन्या मराठी सिनेमांच्या घरी केलेल्या डीव्हीडी पाठवल्या. इथल्या प्लेअरवर कधी काळंपांढरं चित्र वर सरकतं, कधी ‘चुकीची डिस्क’ असं येतं.
— वाचक, न्यू जर्सी

उत्तर : त्या पाल पद्धतीच्या आहेत, अमेरिकेतले टीव्ही आणि प्लेअर एनटीएससीचे. घरी केलेल्या डिस्कला रीजनचं (देश-विभागाचं) कुलूप नसतं, त्यामुळे अडचण फक्त पद्धतीची आहे. शक्य असेल तर रूपांतर करूच नका. संगणक पाल डिस्क विनातक्रार चालवतो आणि पाल-एनटीएससी दोन्ही चालवणारा प्लेअर घेणं हे शंभर तासांच्या एन्कोडिंगपेक्षा स्वस्त पडतं.

करायचंच असेल तर सिनेमा आणि टीव्हीचा कार्यक्रम यांना एकच रीत लावू नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रित होतो आणि पाल टीव्हीवर २५ ने, म्हणजे चार टक्के वेगाने, पळवला जातो. फ्रेममध्ये इंटरलेसचे दातरे दिसत नसतील तर चित्राचा वेग २३.९७६ वर उतरवा, आवाज तेवढाच लांबवा, ५७६ ओळी ४८० करा आणि एन्कोडरला पुलडाउनची (२४ फ्रेम ६० फील्डवर पसरवण्याची) खूण लावायला सांगा. अडीच तासांचा सिनेमा १५६ मिनिटांचा होतो आणि गाण्यांचे सूर मूळ पट्टीच्या जवळ परत येतात. आवाज लांबवताना ‘पट्टी कायम ठेवा’ असा पर्याय दिसला तर तो इथे बंद ठेवा.

टीव्हीसाठी इंटरलेस चित्रित झालेल्या मालिकेला हे चालत नाही. तिथे ५० फील्डचे ६० करावे लागतात आणि साधी सॉफ्टवेअर दर काही फील्डमागे एक पुन्हा दाखवतात. माणूस चालताना सतत अडखळतो. एव्हीसिंथमधली हालचाल मोजून मधली फ्रेम घडवणारी साधनं बरी, पण एका तासाच्या भागाला संगणक रात्रभर लागू शकतो. आधी पाच मिनिटांचा असा तुकडा करून पाहा, ज्यात कॅमेरा आडवा फिरतो. भावाकडे मूळ कॅप्चर फाइल असतील तर डिस्कऐवजी त्याच मागवा, हार्ड डिस्कवर.